सडक्या पानांची बादली

भिलाईहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, कारखाना पाहिला का? नाही पाहिला. लांबून धुराडी दिसली, तेवढी पुरे झाली. मी जे पाहिलं ते एका शाळेच्या खोलीत पाहिलं, आणि ते पाहण्याआधी एक मूर्खपणा केला. वस्तीतल्या बायांना तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवते. चौथी शिकले आहे, एवढं लिहिता येतं.

तुमसर रोड ते पॉवर हाउस

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सुषमा भिलाईत असते. मी तिच्या आईची थोरली बहीण, म्हणून ती मला मोठी आई म्हणते. तिचे वडील रेल्वेत होते, सगळी नोकरी दुर्गच्या लाइनवर गेली, त्यामुळे पोरगी वाढली तिकडेच. नवरा मिलिंद प्लँटच्या रेल मिलमध्ये आहे, म्हणजे आपण ज्यावरून गाडीने जातो ते रूळ जिथे बनतात तिथे. बहीण गेल्यापासून सुषमा बोलावत होती. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तेव्हा म्हटलं, नव्या डोळ्याने काहीतरी नवीन पाहू.

गोंदियापर्यंत डब्यात मराठी ऐकू येते. पुढे बोगदा लागतो, जंगल लागतं, आणि डोंगरगड आलं की सगळा डबा छत्तीसगढीत 'का गा', 'हव गा' करायला लागतो. पळस फुलला होता. समोरच्या बाईने डबा उघडून मला ठेठरी दिली. बेसनाची, तळलेली, आपल्या कडबोळ्याची मोठी बहीण म्हणा. माझ्या दातांना ती झेपेना, पण नाही म्हणायचं जिवावर आलं. दुर्गच्या अलीकडे रसमड्याच्या कारखान्यांचे पत्रे दिसायला लागले तरी ती माझ्या गालातच होती.

भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर मिलिंद आला होता. "जयभीम मोठी आई," म्हणून पिशवी घेतली आणि स्मृती नगरात घरी आणलं. भाड्याचं घर, वरचा मजला, मागे बाल्कनी. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. बैठकीत बुद्धाची मूर्ती, समोर ताजं फूल, सगळं जागच्या जागी. पण त्याच्या खालच्या फळीवर बकरीची कवटी. तिच्या बाजूला कुंभारीण माशीचं मातीचं घर, काचेच्या बरणीत सापाची कात, डबीत मेलेले भुंगे.

"सुषमा, इथं माणसं राहतात का घुबड?"

"मोठी आई, शाळेचं सामान हाये हे. पोरं पाहून चित्र काढतात."

"चित्र काढाले फूल नाही भेटत?"

"फूल सारेच काढतात न. पाच पाकळ्या, मधात गोल. एकानंही फूल पाहेल नसते, हेच तर दुखणं हाये."

चहा घेता घेता तिने सगळं सांगितलं. ती शाळेत चित्रकला शिकवते. शाळेतली एक रिकामी खोली तिने मागून घेतली आणि तिथे असं सामान जमवलं. विज्ञानवाल्यांनी टाकून दिलेली दोन सूक्ष्मदर्शक यंत्रं मिलिंदने दुरुस्त केली. भिंगं आहेत, जाडी मोजायचे चिमटे आहेत. पोरं आधी वस्तू भिंगाखाली पाहतात, मोजतात, मग काढतात. आणि मग त्यातून कामाची वस्तू रचतात. सापाच्या कातीवरून लुगड्याचा काठ, माशीच्या घरावरून पाण्याचं भांडं. हे तिथल्या पोरांनी केलेले कागद तिने मला दाखवले. मला काठ आवडला. भांड्यातून पाणी ओतता आलं नसतं, ते मी सांगितलं.

"शनिवारी शाळेची कमिटी येऊन राहिली," ती म्हणाली. "अध्यक्षाले तिथं मोठा टीव्ही लावाचा हाये, स्मार्ट क्लास म्हणते. खोली पाहतील अन् ठरवतील. खोली गेली तर मले पुन्हा तक्त्यावरचं सफरचंद काढून घ्याव लागन. मग मी राहत नाही त्या शाळेत."

"नोकरी सोडशील?"

"सोडीन."

माझ्या बहिणीचा हट्ट तिच्यात पुरा उतरला आहे.

बाल्कनी

आमच्याकडे म्हातारी बाई लेकीबाळीच्या घरी गेली की पाहुणी म्हणून बसून राहत नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती घर आवरते. डबे घासते, कोनाडे झाडते, आणि जाताना चार शेजारणी म्हणतात, मावशी आली तर घर उजळलं. हे न करणारी बाई आळशी ठरते.

सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले. मिलिंदची पहिली पाळी, सुषमा आणि तिची मुलगी सिद्धी शाळेत. सिद्धी आठवीत आहे, आईच्याच शाळेत. मी सकाळी बोरे बासी खाल्ली. रात्रीचा भात पाण्यात ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा आणि टमाटरची चटणी. आम्ही भंडाऱ्याकडचे, भाताचेच लोक, आमच्याकडेही गरिबाच्या घरी हेच असतं. फरक एवढाच की आम्ही लपवून खातो आणि ते लोक कौतुकाने खातात.

खाल्लं आणि आवरायला घेतलं. कवटीला हात लावला नाही, ती फळी शाळेची आहे हे कळलं होतं. स्वयंपाकघर घासलं. बाल्कनीत गेले तर कोपऱ्यात झाकण लावलेली बादली. झाकण उघडलं आणि नाक दाबलं. काळं पाणी, त्यात सडलेला पाला. म्हटलं, नोकरी करणारी बाई, पोरगी कामाची नाही, कधीचा कचरा राहून गेला. पाणी खाली पेरूच्या झाडाला ओतलं, पाला कचरागाडीत दिला, बादली राखेने घासून उन्हात पालथी घातली. मनात म्हटलं, आता कसं चकाचक.

दुपारी सिद्धी आली. दप्तर टाकून थेट बाल्कनीत.

"बड़ी नानी! बाल्टी में जो था वो कहाँ गया?"

"फेकलं. केवढी घाण वो पोरी, किडे पडले असते."

पोरीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "नानी, वो पीपल के पत्ते थे! मम्मी तीन हफ्ते से सड़ा रही थी!"

"सडवून राहिली होती? कावून?"

तेवढ्यात सुषमा वर आली. पालथी बादली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पिंपळाचं पान पाण्यात ठेवलं की त्याचा गर सडून सुटतो आणि फक्त शिरांची जाळी राहते, हे तिने मला सांगितलं. शनिवारी प्रत्येक पोराच्या हातात एक जाळी द्यायची, ती यंत्राखाली पाहून काढायची, आणि त्यावरून खिडकीची लोखंडी जाळी रचायची, असं सगळं ठरलं होतं. पोरांनी पानाचं चित्र आधी काढून ठेवलं नव्हतं, कारण ते कमिटीसमोरच काढायचं होतं.

"मोठी आई, तुले विचाराव तं लागत होतं."

"घाण फेकाले कोणी विचारते का?" मी म्हटलं. पण जेवण गेलं नाही. लाल माठाची भाजी होती, चांगली होती, तरी गेलं नाही.

मिलिंद पाळीवरून आला. त्याने ऐकलं आणि हसू दाबत म्हणाला, "एक सांगू? मले बरं वाटलं. तीन हप्त्यापासून मी बाल्कनीत कपडे वाळवले नाही." सुषमाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आंघोळीला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

मग मीच विचारलं, "पिंपळाचं झाड तळ्यावर असन तर पानं पाण्यात पडून आपोआप सडत असतीन न?"

सुषमा म्हणाली, "असतीन. पण शहरात असं तळं कुठं हाये आता?"

बाथरूमातून मिलिंदचा आवाज आला, "नंदिनीच्या रस्त्यानं."

नंदिनीच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी एका ऑटोत बसलो. नंदिनी नगरात प्लँटच्या चुन्याच्या दगडाच्या खाणी आहेत. रस्त्याच्या कडेला पांढरी धूळ, झाडंही पीठ लावल्यासारखी. सुषमाने मध्येच ऑटो थांबवून एक फुटका दगड उचलला. त्याच्या अंगावर कांदा कापल्यावर दिसतात तशी गोल गोल कडी होती. तिने सांगितलं, हे फार फार जुन्या पाण्यातल्या शेवाळाने केलेले थर आहेत, माणूस नव्हता तेव्हाचे. ऑटोवाला म्हणाला, "मैडम, ऐसा तो मेरे घर की सीढ़ी में लगा है." तिने त्याचा नंबर घेतला. पायरी पाहायला जाणार म्हणे.

एका गावाजवळ तळं लागलं. तिकडे तळ्याला तरिया म्हणतात आणि प्रत्येक गावाला एक तरी असतोच. काठच्या बांधावर मोठा पिंपळ, खाली घाट, घाटावर बाया कपडे आपटत होत्या. आम्ही तिघी पाण्याच्या कडेला वाकलो आणि चिखलात हात घालून पानं काढायला लागलो. बायांचं आपटणं थांबलं.

एक जण ओरडली, "का खोजत हव दाई? सोन गंवा गे का?"

सोनं हरवलं का, असं विचारत होती. मी म्हटलं, "सोनं नाही बाई, सडकं पान पाहिजे."

"सरे पाना ला का करहू?"

"लइका मन चित्र बनाहीं," सिद्धी म्हणाली, म्हणजे पोरं चित्र काढतील. पोरीला छत्तीसगढी येते हे मला तेव्हा कळलं. माझ्याशी हिंदी, आईबापाची मराठी समजते, तळ्यावर छत्तीसगढी. माझ्या जिभेला एकच वळण आहे.

बाया अशा हसल्या की एकीचं लुगडं पाण्यात वाहत गेलं आणि दुसरीने ते धरलं. मग त्याच आत शिरल्या. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहून गाळातून मूठमूठ पाला काढून काठावर टाकायला लागल्या. "ये ले! अउ ले! पूरा तरिया ले जा!" बहुतेक पानं काळी चिंधी झालेली होती. पण मध्येच एखादं असं निघायचं की गर गेलेला, जाळी शाबूत, देठापासून त्या लांब शेपटीपर्यंत. अशी पानं सुषमा दोन बोटांत धरून वहीत ठेवत होती. पावसात भिजलेलं पिल्लू धरावं तसं धरत होती, मला हसू आलं.

मी एक चांगलं पान पाहून पुढे पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. दोन बायांनी काखेत धरून मला उपटलं. चप्पल आतच राहिली. मग एकीने ती डुबकी मारून काढली, धुतली आणि माझ्या पायात घालून म्हणाली, "दाई, तोर पनही घलो सर जाही, ओखरो चित्र बना लेबे." चप्पलही सडेल, तिचंही चित्र काढून घे, म्हणे. मी तिला मराठीत शिवी दिली, तिने मला छत्तीसगढीत दिली, आणि आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

घरी येऊन पानं धुवायची होती. राहिलेला गर मऊ ब्रशने उतरवायचा, पान फाटू द्यायचं नाही. हे काम मला दिलं, कारण मला शनिवारपर्यंत दुसरं काही करू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. मी बाथरूममधला सगळ्यांत मऊ ब्रश उचलला. अर्धी पानं झाल्यावर मिलिंद दात घासायला आला. तो ब्रश त्याचा होता. त्या दिवशी त्याने मिठाने दात घासले. याही वेळी मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. पण जाळ्या साफ निघाल्या. वर्गाला पुरतील इतक्या नव्हत्या, दोघांत एक, असं सुषमाने ठरवलं.

शनिवार

मीही शाळेत गेले. सुषमा म्हणाली, "तू ये, पण काही झाडू नको."

खोली लहान. खिडकीला गंजकी जाळी, फळ्यांवर शंख, शेंगा, हाडं, पिसं, तो कांद्यासारखा दगड. पोरं जोडीजोडीने बसलेली, समोर काळा कागद, कागदावर पांढरी पिंपळाची जाळी. इतकी शांतता मी शाळेत कधी पाहिली नव्हती. आमच्या वेळी शांतता छडीने व्हायची. इथे प्रत्येक पोर भिंग डोळ्याला लावून एकच शीर कुठे जाते ते शोधत होतं.

कमिटी यायला उशीर झाला. मी कंटाळले. कोपऱ्यातल्या यंत्राखाली पान लावून ठेवलं होतं आणि तिथे कोणी नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून मी त्यात डोळा घातला. काळं दिसलं. माझ्याच पापण्या दिसल्या. मी डोळा मिटला, उघडला, मान वाकडी केली. त्याच वेळी कमिटी आत आली.

पुढे अध्यक्ष देवांगन साहेब. प्लँटच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, उंच, पांढरे केस, तोंडावर कंटाळा. मागे प्राचार्या बाई आणि आणखी दोघे. साहेब भिंतीची मापं डोळ्याने घेत होते, टीव्ही कुठे बसेल ते. प्राचार्या बाई माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "माताजी, उठिए, साहब को देखना है."

"माझं अजून दिसलं नाही," मी म्हटलं.

"माताजी!"

"दिसू द्या मग उठते. हे पान मी चिखलातून काढलं आहे."

सुषमाचा चेहरा पडला. सिद्धीने वही तोंडावर धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा एक डोळा घट्ट मिटून दुसरा यंत्रात खुपसला.

"अम्मा," ते म्हणाले, "आँख बंद मत करो. दोनों खुली रखो."

"दोन्ही कशी? भोक तर एकच आहे."

"दोनों खुली. दूसरी आँख अपने आप चुप हो जाएगी." ते जवळ आले, माझ्या खांद्यावरून हात पुढे करून बाजूची चकती थोडी फिरवली, मग उलटी फिरवली, अगदी केसभर. ज्याने आयुष्यभर ते केलं आहे त्याचाच हात असा चालतो. आणि एकदम अंधार फाटला.

मी लिहिते ते बढाई नाही. पानाची ती जाळी, आत आणखी जाळी, तिच्या आत आणखी. एकही रस्ता बंद नाही, प्रत्येक गल्ली दुसरीला मिळालेली. मी म्हटलं, "अबब, हे तर अख्खं गाव आहे."

"हटो अम्मा, मुझे देखने दो," साहेब म्हणाले. मी उठले.

ते बसले ते उठेनात. प्राचार्या बाई खोकल्या. कमिटीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. साहेब पान सरकवत होते, चकती फिरवत होते. मग डोळा न काढताच म्हणाले, "बच्चो, लोहा देखा है कभी इसमें?"

"लोखंडात काय दिसते सर?" एक पोरगी म्हणाली. ती आमच्याकडचीच निघाली, वडील रेल्वेत.

ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर काढायला लागले. पोलाद घासून आरशासारखं करायचं, तेजाबाचा हात फिरवायचा, आणि वरून उजेड पाडून पाहायचं, म्हणजे त्याचे दाणे दिसतात, असं सांगत ते काढत होते. दाण्याला दाणा लागलेला, मध्ये रेघा. पहिलं चित्र बिघडलं. त्यांनी बाहीने पुसलं आणि पुन्हा काढलं. सगळी खोली पाहत राहिली.

"सर, सेम टू सेम पत्ता!" एक मुलगा ओरडला.

"सेम नहीं है. ध्यान से देखो. पत्ते में ये लकीर रास्ता है, पानी चलता है. लोहे में ये लकीर मेड़ है. इस खेत का दाना अलग, उस खेत का अलग."

मेड़ म्हणजे आपला धुरा, शेताचा बांध. धानाच्या बांध्या डोंगरावरून पाहिल्या तर जशा दिसतात, अगदी तसं. मी पोलादाला शेत म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

मग ते पोरांमध्ये फिरले. एका जोडीने पानावरून खिडकीची जाळी रचली होती. साहेबांनी विचारलं, इतके जोड कशाला, सळ्या सरळ का नाहीत? पोरगा म्हणाला, "सर, एक टूट गया तो भी बाकी पकड़े रहेंगे. पत्ते में ऐसा ही है." साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात ठेवला.

"साहेब, टीव्हीचं काय ठरलं?" मी विचारलं. दुसरं कोणी विचारत नव्हतं.

"टीवी स्टोर रूम में लगेगा," ते म्हणाले. "यहाँ रोशनी अच्छी है. यहाँ मुझे लोहा देखने वाली मशीन रखनी है." त्यांच्या ओळखीच्या माणसाचं रसमड्याला वेल्डिंगचं काम आहे, त्या जोडीची जाळी तिथे बनवून याच खिडकीला बसवू, असंही म्हणाले. कमिटीतल्या दुसऱ्या दोघांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण तेही रांगेत उभे राहून यंत्रात पाहून गेले. दोघांनीही एक डोळा मिटला. मी त्यांना सांगितलं, दोन्ही उघडे ठेवा.

जाताना प्राचार्या बाईंनी सुषमाला एकच अट घातली. "पर मैडम, स्कूल में वो सड़ी हुई बाल्टी नहीं चलेगी."

संध्याकाळी मिलिंदने दुसरी अट घातली. "घरी बी नाही चालन. माह्या नवीन ब्रशची शपथ."

सुषमा माझ्याकडे पाहायला लागली.

तुमसर

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत एक भिंग होतं, सुषमाने दिलेलं. डोंगरगडपर्यंत मी ठेठरीचा तुकडा, तिकीट, समोरच्या माणसाच्या शर्टाची वीण, सगळं पाहून घेतलं. समोरच्या माणसाने जागा बदलली.

आता आमच्या विहाराजवळच्या पिंपळाची जून, धड पानं माझ्या अंगणात बादलीत बुडवली आहेत. पुढच्या सत्राला लागतील. दुर्गच्या गाडीला कोणी जाणारं असलं की वहीत घालून पाठवीन. या खेपेला प्रत्येक पोराला एकेक, दोघांत एक नाही.

काल शेजारची शेवंता नाकाला पदर लावून आली.

"बाई, हे केवढं गदळ पाणी! म्हाताऱ्या माणसाच्या हातून राहून जाते. आणा, मी फेकून बादली घासून देतो."

"शेवंता, त्या बादलीले हात लावशील तं पाहाच मंग."

ती बडबडत गेली. मी झाकण उघडून काडीने पानं खालीवर केली. गर अजून सुटला नाही. वास मात्र बरोबर यायला लागला आहे.